कमलाकर गजभियेच्या पट्ट्या

लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये कमलाकर गजभियेशी भांडण झालेलं नाही असा माणूस शोधायचा, तर कालच विमानातून उतरलेला पाहुणाच गाठावा लागला असता. कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसातली बाई, बस गॅरेजचा मॅनेजर, लायब्ररीतली वर्तमानपत्रांची टेबलं उचलून तिथे कॉम्प्युटर मांडायला निघालेला साहेब, सगळ्यांना त्याने एकेकदा घाम फोडला होता. शिक्षण म्हणाल तर नागपूरच्या आयटीआयचं फिटरचं सर्टिफिकेट. बाकी सगळं लायब्ररीत बसून स्वतः शिकलेलं. कामगार कायदा त्याला कलमांसकट पाठ होता. इंग्रजी तो नागपुरातल्या इंदोऱ्याच्या चालीवर बोलायचा, आणि त्यावर हसणाऱ्याला त्याच इंग्रजीत तिथल्या तिथे झोपवायचा.

सत्तर साली तो आला आणि इथल्या एका छपाई कारखान्यात मशीन फिटर म्हणून लागला. सोळा वर्षं काढली, त्यातली दहा युनियनचा शॉप स्टुअर्ड, म्हणजे कामगारांचा प्रतिनिधी म्हणून. कारखाना बंद पडायला आला तेव्हा संप झाला, आणि फ्रान्समधल्या छपाई कामगारांनी इथल्या चाळीस जणांना भाषणं करायला बोलावलं. आपण भाषण काय ठोकलं ते कमलाकरच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते कोचच्या खिडकीतून दिसलेलं. टेकाडामागून टेकाड, गव्हाची आणि जवसाची शेतं, आणि त्यांच्यामधून कोणी सहज बोट फिरवावं तसा गेलेला बारीक डांबरी रस्ता. त्यावर गाडी नाही, माणूस नाही, हॉर्न नाही.

"एवढा रस्ता, अन् वापरायला कोणी नाही," घरी आल्यावर त्याने यमुनाला सांगितलं. यमुना त्याची बायको, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला.

"मग काय, गुंडाळून आणता का घरी?" ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं, कमलाकर बस गॅरेजात चिकटला, आणि पहिल्याच सुट्टीत एक जुनी सायकल घेऊन न्यूहेवनहून फ्रान्सला जाणाऱ्या बोटीत जाऊन बसला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात फ्रान्स. पॅरिस नाही, टॉवर नाही. नकाशावर जे रस्ते लाल असतात त्यांवर ट्रक पळतात, पिवळ्यांवर मोटारी. कमलाकरला फक्त पांढरे चालायचे. एका गावाच्या चर्चपासून दुसऱ्या गावाच्या चर्चपर्यंत जाणारे, गुरांच्या वाटेवर कोणीतरी डांबर ओतलंय असे पांढरे रस्ते.

हिवाळाभर त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरलेले असत. त्यावरून तो पट्ट्या बनवायचा. कॉर्नफ्लेक्सचं खोकं फाडून त्याची दोन बोटं रुंदीची पट्टी कापायची, कोऱ्या बाजूवर खालून वर लिहीत जायचं आणि कपड्यांच्या चिमट्याने हँडलला लावायची. एका दिवसाला एक पट्टी. डावीकडे वळायचं तिथे 'डा', उजवीकडे 'उ'. चढाला त्रिकोण, चर्चला चौकोनावर काडी, मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याला नुसतं शेपूट. आणि पाण्याला छोटासा तांब्या. सायकल क्लबातले गोरे म्हातारेसुद्धा त्याच्याकडून पट्ट्या न्यायचे. मराठीचं एक अक्षर न येणारी ती माणसं फ्रान्सच्या रानात 'डा' आणि 'उ' वाचत बिनचूक फिरून यायची.

तांब्याबाबत नियम कडक होता. कमलाकरने स्वतः प्यालेलं पाणी असेल तरच तांब्या. एका साली क्लबातला एकजण शेतातल्या नळाचं पाणी पिऊन तीन दिवस आडवा झाला होता, तेव्हापासून तो पट्टी हातात देताना प्रत्येकाला दम भरायचा. "तांब्या नाही तिथलं पाणी तोंडाला लावायचं नाही. नळ सोन्याचा असला तरी."

मोहन करंदीकर त्याला भेटला तो असाच, फ्रान्समधल्या सार्तच्या चढावर, अठ्ठ्याऐंशी साली. चेन तुटलेली सायकल उलटी करून हा गृहस्थ तिच्याकडे, एखादं गणित सुटत नसावं तसा पाहत, मराठीत पुटपुटत उभा होता. नारायण पेठेतला माणूस, वॉटफर्डच्या शाळेत गणिताचा मास्तर. कमलाकरने खिशातून हत्यार काढलं, दोन मिनिटांत चेन जोडली आणि हात पुसत मराठीत म्हणाला, "भाऊ, नुसतं पाहून जुळत नसते ती."

"तुम्ही मराठी?"

"नाही, नागपूरचा." आणि दोघं असे हसले की मोहनची टोपी पडली.

पंधरा वर्षं टिकलं ते. इथल्या महाराष्ट्र मंडळात कमलाकर पाय ठेवत नव्हता, पण करंदीकरांच्या घरी त्याचं ताट ठरलेलं असायचं. मोहनची बायको सुप्रभा त्याला भाऊजी म्हणायची आणि त्याच्यासाठी भाजीत वेगळं तिखट घालायची. मोहनची पोरगी सिया त्याच्याच हाताखाली सायकल शिकली. आणि दर उन्हाळ्यात दोघं बोटीत. मोहन स्वभावाने भिडस्त. दहा शब्द फ्रेंच येत असूनही तोंड उघडायचा नाही. कमलाकरला दोन यायचे, पण हातवाऱ्यांनी तो अख्ख्या गावाशी गप्पा मारून यायचा. वाटेत तांब्या आला की तो म्हणायचा, "तू बस लिंबाच्या सावलीला, मी आणतो," आणि दोघांच्या बाटल्या घेऊन जायचा. तिथली ती झाडं आपल्या लिंबाची नव्हेत, पण तशीच सावली देतात म्हणून हे दोघं त्यांना लिंबच म्हणायचे.

पाणी कुठून यायचं ते मोहनने कधी विचारलं नाही, कमलाकरने कधी सांगितलं नाही.

ते यायचं कब्रस्तानातून. फ्रान्समधल्या लहान गावात दुकान नसेल, हॉटेल नसेल, पण गावाबाहेर चार भिंतींचं कब्रस्तान असतं आणि फाटकाच्या आत नळ असतो. थडग्यांवरच्या फुलझाडांना घालायला. तिथले सगळे सायकलवाले तेच पाणी पितात. थंडगार, गोड पाणी. क्लबातल्या म्हाताऱ्यांनी कमलाकरला ते दाखवलं होतं, आणि पहिल्यांदा ओंजळ लावताना त्याला त्याच्या बापाची आठवण झाली होती. बापाच्या गावी विहिरीवर यांच्या लोकांनी दोर टाकायचा नसे. कोणी दया आलेलं माणूस लांबून वरून धार धरेल तेव्हा ओंजळ पुढे करायची. "अन् इथं बघा," तो यमुनाला म्हणाला होता, "मेलेली माणसंसुद्धा पाण्याला नाही म्हणत नाहीत."

तर दोन हजार तीनच्या मे महिन्यात सियाला मिल्टन कीन्सला नोकरी लागली, म्हणून करंदीकरांकडे जेवण होतं. मंडळातली दोन जोडपी होती, कमलाकर आणि यमुना होते. पंक्तीत कोणीतरी म्हणालं, "फ्रान्समध्ये म्हणे पाण्याची बाटली वाइनपेक्षा महाग!" कमलाकर रंगात आला होता. त्याने मोहनच्या पाठीवर थाप मारली.

"आमच्या मास्तरला विचारा. पंधरा वर्षं झाली, फुकटचं पिऊन राहिला. कब्रस्तानातलं!"

लोक हसले. मोहन हसला नाही.

"काय म्हणालास?"

"अबे, कब्रस्तानातला नळ. तुला काय वाटलं, तुझ्यासाठी गावचा पाटील घागर घेऊन उभा राहायचा?"

"शी!" सुप्रभा म्हणाली. तेही हसतच. "भाऊजी, काहीतरीच तुमचं!"

आणि मोहन उठला. सिंकपाशी गेला, नळ सोडला आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. पंधरा वर्षं प्यालेल्या पाण्याची चूळ! पाहुण्यांना ती गंमत वाटली, ते अजून हसले. मोहनलाही कदाचित गंमतच करायची असेल. कोणास ठाऊक. पण कमलाकरने पाहिलं ते एवढंच, की एक करंदीकर एका गजभियेच्या हातचं पाणी तोंडातून काढून टाकतोय.

तो ताटावरून उठला.

"काय झालं रे?" टॉवेलला तोंड पुसत मोहनने विचारलं.

"काही नाही. पोट भरलं," कमलाकर म्हणाला. यमुनाचा पहिला घास अजून हातात होता. तिने तो ताटात ठेवला आणि त्याच्यामागून निघाली. कारमध्ये म्हणाली, "त्यांनी स्मशानाची केली असेल चूळ, तुमची नाही."

"स्मशानाचा विटाळ मानणारा माझा मानत नसेल कशावरून?"

"पंधरा वर्षं जेवून राहिला तो माणूस आपल्या घरी."

"तू गप."

दीड महिना कोणी कोणाला फोन केला नाही. मोहनला आपलं काय चुकलं हे कळलंच नव्हतं, आणि कमलाकरची अट हीच, की सांगितल्याशिवाय कळायला पाहिजे. जुलैत फोन वाजला.

"कमल्या, अरे आहेस कुठे? यंदा पेर्शचं ठरलं होतं ना आपलं?"

"मला यंदा जमत नाही."

"असं काय? मी तर बोटीचं बुकिंग केलं." मग जरा थांबून, "पट्ट्या तरी देशील ना?"

कमलाकरला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, त्या दिवशीचं मनावर घेऊ नको. मोहन म्हणाला, "पाच दिवसांच्या लागतील."

"देतो," कमलाकर म्हणाला आणि फोन ठेवला.

फ्रान्समधल्या त्या पेर्श भागाच्या पट्ट्या तयारच होत्या. अठ्ठ्याण्णव साली तो मोहनशिवाय, क्लबाबरोबर तिथून फिरून आला होता. लागोपाठ टेकड्या, सफरचंदाच्या बागा, दिवसाला दोन ट्रॅक्टर भेटतील असे रस्ते. पाच दिवसांच्या पाच पट्ट्यांवर अकरा तांबे होते, आणि अकराही कब्रस्तानांतले. कमलाकरने खोकं फाडलं, नवीन पट्ट्या कापल्या आणि जुन्यांवरून उतरवायला बसला. डा, उ, त्रिकोण, चर्च, शेपूट, सगळं जागच्या जागी. तांबे सोडून.

"चालत नाही ना माझ्या हातचं? मग पी विकतचं," असं तो त्या पट्टीलाच म्हणाला. मनात वाईट काही नव्हतं. एवढंच होतं, की मोहनने एखाद्या चढावर थांबावं, बाटली हलवून पाहावी आणि त्याला कमलाकरची आठवण यावी. परत आला की म्हणेलच, लेका, पाणी कुठंच नाही दाखवलंस. तेव्हा मग तोंडावर सगळं बोलता येईल.

पट्ट्या त्याने पाकिटात घालून करंदीकरांच्या दारातून आत सारल्या. बेल वाजवली नाही.

त्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये काय उन्हाळा पडला ते सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. चाळीस अंश. म्हातारी माणसं घरच्या घरी मेली. वॉटफर्डमध्येसुद्धा लोक पायऱ्यांवर बसून राहत. यमुना दोनदा म्हणाली, "मास्तर कुठं असतील हो एवढ्या उन्हात?" कमलाकर म्हणाला, "बसला असेल हॉटेलात एसी लावून." पण त्या रात्री तो कूस बदलत राहिला, आणि सकाळी करंदीकरांचा नंबर फिरवून वाजायच्या आत ठेवून दिला. वहिनीला काय सांगणार होता? तो फोन करेल तेव्हा सांगा, कब्रस्तान दिसलं की पाणी भर म्हणावं? एवढं एकच वाक्य. तेवढं म्हटलं असतं तर झालं असतं.

अकरा ऑगस्टला, सोमवारी, मोहन गेला. सोमवारी तिथल्या खेड्यांत दुकानं बंद असतात, आणि उन्हामुळे घराघराच्या लाकडी खिडक्या आतून लावलेल्या. एखादं दार ठोठावायला काय झालं होतं, असं कोणीही विचारेल. पण मोहन ठोठावणाऱ्यांतला नव्हता, आणि ठोठावणारा वॉटफर्डमध्ये रुसून बसला होता. एका शेतकऱ्याला तो कुंपणाच्या कडेला सापडला. सायकल नीट टेकवून ठेवलेली, हेल्मेट शेजारी, दोन्ही बाटल्या कोरड्या.

अंत्यसंस्कार व्हायला दोन आठवडे गेले. खांदा द्यायला कमलाकर होता. सगळ्यांनी म्हटलं, जिवाभावाचा मित्र गेला बिचाऱ्याचा.

त्यानंतर चारपाच दिवसांनी सुप्रभाने त्याला बोलावून घेतलं. सिया घरी होती. टेबलावर मोहनची हँडलची पिशवी होती. सियाने तिच्यातून चौथ्या दिवसाची पट्टी काढली.

"काका, हा तुमचा हँडरायटिंग आहे ना?"

"हो."

"आईला वाचता येत नाही हे साइन्स. तिला बाबाचा लास्ट रस्ता ऐकायची आहे."

कमलाकरने चष्मा लावला आणि वाचायला लागला. गाव सोडल्यावर डावीकडे, दोन किलोमीटर उतार, ओढ्यावरचा पूल, मग उजवीकडे चढ. सुप्रभा डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा हात टेबलावर त्या वळणांबरोबर जरा जरा सरकत होता. छत्तिसाव्या किलोमीटरला चर्च होतं. चर्चच्या शेजारी पेन्सिलने, मास्तरच्या बारीक अक्षरात, काहीतरी लिहिलं होतं. कमलाकर थांबला.

"ते मी वाचलंय," डोळे न उघडता सुप्रभा म्हणाली. "'नळ आहे. तांब्या नाही. कमल्याला विचारणे.' काय विचारायचं होतं हो त्यांना?"

कमलाकरने चष्मा काढून पुसला.

"तांब्या म्हणजे आमची खूण आहे. पाण्याची."

"म्हणजे तिथे नळ होता?"

"असेल."

"मग प्याले का नाहीत ते?"

त्याला नियम सांगावा लागला. तांब्या नसेल तर प्यायचं नाही. सुप्रभाने डोळे उघडले. "म्हणजे ते पाणी पिण्यासारखं नव्हतं?"

तिने त्याला सुटायला दारच उघडून दिलं होतं. कमलाकर गजभिये, ज्याने तीन मॅनेजरांना तोंडावर खोटारडे म्हटलं होतं, तो म्हणाला, "नसेल, वहिनी."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "मला वाटत होतं, माझ्या त्या 'शी'मुळे प्याले नाहीत की काय."

घरी आल्यावर त्याने यमुनाला सगळं सांगितलं. अकरा तांब्यांसकट. ती लॉन्ड्रीत कामावर असावी तशी हातातल्या टॉवेलच्या घड्या घालत राहिली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तिकडे तिने एकदा पाहिलं.

"ज्या पाण्यासाठी आपली माणसं भांडली," ती म्हणाली, "तेच तोडलं तुम्ही. अन् तेही पट्टीवरून."

तो तिच्यावर ओरडला नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, असं पहिल्यांदाच झालं.

त्या हिवाळ्यात टेबलावर नकाशे आले नाहीत. क्लबातल्या म्हाताऱ्यांना त्याने तब्येतीचं कारण सांगितलं. कौन्सिलच्या मीटिंगला तो जायचा आणि मागच्या खुर्चीवर बसून यायचा. कोणी खोटं बोललं तरी उठायचा नाही. उठायला लागलं की त्याला ते 'नसेल, वहिनी' ऐकू यायचं. सुप्रभा मात्र आता सगळ्यांना सांगत होती, "तिथलं पाणीच खराब होतं हो. भाऊजींनी सांगितलं." जितक्या वेळा ती हे सांगायची तितक्या वेळा ते त्याला कोणीतरी येऊन कळवायचंच.

दोन हजार चारच्या जूनमध्ये तो एकटा गेला. चौथ्या दिवसाचा रस्ता त्याला पट्टीशिवाय पाठ होता. सफरचंदं अजून सुपारीएवढी होती, एकही मोटार भेटली नाही. छत्तिसाव्या किलोमीटरला चर्च आलं, त्याच्या पुढे शंभर पावलांवर कब्रस्तानाची भिंत. एक म्हातारी झारीने फुलांना पाणी घालत होती. तिने त्याच्या सायकलीकडे पाहिलं, न बोलता झारी बाजूला केली आणि नळाकडे बोट दाखवलं. बारा महिने, कोणालाही, असं ते दाखवलेलं बोट होतं.

त्याने ओंजळ धरली. पाणी भरलं, वाहून गेलं, परत भरलं. तोंडापर्यंत नेता आलं नाही. तो परत सायकलवर बसला आणि मीटरचा आकडा बघत चालवू लागला. मोहन सापडला ती कुंपणाची जागा नळापासून चार किलोमीटर होती. दोन त्रिकोण आणि एक 'उ'. इतका वेळ मोहन त्या नळाचा विचार करत चालवत असणार. परत फिरावं का, असंही त्याच्या मनात आलं असणार. आणि मग म्हणाला असणार, नाही, कमल्याने इथे तांब्या दाखवलेला नाही.

कमलाकर त्या कुंपणापाशी रस्त्यातच बसला. दुपार झाली, कलली, एक ट्रॅक्टर त्याला वळसा घालून गेला. साठीला आलेला माणूस, हमसून रडत होता, आणि मैलभर ऐकायला कोणी नव्हतं. शांत रस्ता म्हणून त्यानेच तो निवडला होता.

वॉटफर्डला पोचल्यावर तो आधी घरी गेला नाही. सायकल करंदीकरांच्या भिंतीला टेकवली आणि बेल वाजवली. सुप्रभाने दार उघडलं.

"भाऊजी? या की आत. काय अवतार झालाय हा!"

"इथंच सांगतो, वहिनी. पाणी चांगलं होतं."

तिला लगेच कळलं नाही. मग त्याने उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चूळ, ताटावरून उठणं, अकरा तांबे, ते 'नसेल'. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. तिचा चेहरा हळूहळू असा झाला, की शेवटचं वाक्य तो तिच्या पायांकडे बघत बोलला.

"चूळ," ती म्हणाली. "तुम्हाला ती चूळ लागली."

"हो."

"मला दिसलं होतं त्या दिवशी. तुमचं तोंड पाहिलं मी. रात्री यांना म्हटलंही, जाऊन माफी मागा, त्यांना वेगळं वाटलंय काहीतरी. हे म्हणाले, छे, कमल्या माझ्यावर असा संशय घेणार नाही." ती दाराला धरून उभी होती. "मला तुमचा राग कळतो, भाऊजी. मी पुण्याची आहे, मला काय काय असतं ते माहीत आहे. पण कळतो म्हणून माफ होत नाही. अन् वर्षभर तुम्ही मला खोट्यावर जगवलंत."

"हो."

"सियाला मी सांगणार नाही. तिचा बाप कसा गेला ते तुम्ही सांगायचं. माझ्याकडे परत येऊ नका."

दार आपटलं नाही. सावकाश लागलं.

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेनने मिल्टन कीन्सला गेला. सिया स्टेशनवर न्यायला आली होती, काका येणार म्हणून खुशीत. फ्लॅटवर तिने चहा केला. तो चहा गार होईपर्यंत कमलाकरने सांगितलं. सुप्रभाला अर्ध्यावर कळलं होतं. सियाला शेवटापर्यंत कळेना.

"वेट. बाबाने सिंकमध्ये पाणी थुंकला, म्हणून?"

"हो."

"पण का? आय मीन, त्याच्यात काय आहे?"

मग त्याला विहिरीपासून सुरुवात करावी लागली. बापाची ओंजळ, वरून धरलेली धार, कोणाच्या हातचं कोणाला चालत नाही ते. आयुष्यभर हे त्याने सभांमधून छाती काढून सांगितलं होतं आणि समोरच्यांना मान खाली घालायला लावली होती. आज तेच शब्द त्याच्या तोंडून अपराध्याच्या जबाबासारखे येत होते, आणि समोरची पोरगी मान खाली न घालता, कपाळाला आठ्या घालून, मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न करत होती.

"पण बाबा तुमच्याकडे जेवायचा ना? तुमचा ग्लासमधून प्यायचा. मी पाहिलंय."

"प्यायचा."

"मग तुम्ही त्याला विचारला का नाही?"

वॉटफर्डमध्ये सगळ्यांना जाब विचारत आलेल्या कमलाकरने गार झालेला चहा पिऊन टाकला आणि कप विसळायला सिंकपाशी नेला.

तिने गाडीची किल्ली उचलली. स्टेशनपर्यंत एकामागून एक राउंडअबाउटची गोल वळणं येत राहिली. स्टेशनसमोर गाडी थांबवल्यावर तो दाराला हात लावणार, तेवढ्यात तिने समोर बघतच विचारलं, "त्याने तुम्हाला शिव्या दिल्या असतील? तेव्हा, एंडला?"

"दिल्या असतील, बेटा. द्यायलाच पाहिजेत."

"नाही," सिया म्हणाली. "मी त्याला ओळखते. त्याला वाटला असेल, पुढच्या टर्नला काका दाखवतील."

कमलाकर खाली उतरला. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते, तरी ती जागची हलली नाही, आणि त्याला गाडीचं दार लावता येईना.